अण्णांची सत्यप्रत

कुठल्याही इमारतीत असा एक गृहस्थ निघतोच, ज्याच्या घरी हवा तो कागद हव्या त्या क्षणी सापडतो. मुलाच्या बालवाडीच्या फीची पावती, विकून टाकलेल्या लुनाचं आरसी बुक, बंद पडलेल्या लँडलाइनचं शेवटचं बिल. सांगलीत विश्रामबागला आमच्या इमारतीत हे पद अण्णांकडे आहे. पाटबंधारे खात्यातून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. धरणातलं पाणी त्यांनी फारसं पाहिलं नसेल, पाण्याबद्दलचा पत्रव्यवहार मात्र सगळा पाहिला. निवृत्तीनंतर कुणी गीतेकडे वळतं, कुणी कुंड्यांकडे. अण्णा पंचिंग मशीनकडे वळले. त्यांच्या लोखंडी कपाटात नस्त्या आहेत, प्रत्येक नस्तीला टॅग आहे, टॅगच्या टोकाला गाठ आहे आणि त्या गाठीला हात लावायची काकूंनाही परवानगी नाही.

अण्णांची एक जुनी श्रद्धा होती. कागद मागायच्या आत द्यावा. समोरच्यानं एक मागितला तर तीन द्यावेत, म्हणजे परत हेलपाटा नको. नरसोबाच्या वाडीला एका रात्रीची खोली घेताना काउंटरवरच्या पोरानं नुसतं नाव विचारलं. अण्णांनी आधारची झेरॉक्स दिली, काकूंची दिली आणि "असू द्या रेकॉर्डला" म्हणून पॅनचीही दिली. लग्नाच्या हॉलवाल्याला दिली, वाचनालयाला दिली, रस्त्याकडेला छत्री लावून सिमकार्ड विकणाऱ्या पोराला तर फोटोसकट दोन संच दिले. सोसायटीच्या चेअरमननी व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त गाड्यांचे नंबर मागितले होते. अण्णांनी आरसी बुक, लायसन आणि आधार पाठवलं. आधार दोन्ही बाजूंनी. खाली "माहितीस्तव सादर".

त्यामुळे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांचं उठणं-बसणं असायचं. हे दुकान जरा जवळून बघण्यासारखं आहे. भिंतीवर स्केचपेननं मोबाईल नंबर लिहिलाय, 'प्रिंटसाठी या नंबरवर व्हॉट्सॲप करा', आणि लोक बिनदिक्कत करतात. प्रिंट निघते, लोक पाच रुपये देऊन जातात. फाईल तिथल्या कॉम्प्युटरवर राहते. त्यातलं डाउनलोडचं फोल्डर उघडलं तर निम्म्या विश्रामबागच्या जन्मतारखा हाती लागतील. मशीनखाली एक पुठ्ठ्याचा खोका आहे. वाकडी आलेली, काळी पडलेली, कडा कापली गेलेली प्रत त्या खोक्यात जाते, खोका भरला की रद्दीत जातो आणि रद्दी किलोवर विकली जाते. पुढे त्या कागदांचं काय होतं ते आम्ही गणपती मंदिराजवळ एकदा प्रत्यक्ष पाहिलं. भडंगाची पुडी सोडली तर आतून कुणा बाईंचं आधार कार्ड निघालं. तेलानं फोटो पारदर्शक झाला होता, पण बारा आकडे स्वच्छ वाचता येत होते. अण्णांनी त्या बाईंच्या बेफिकिरीवर भडंग संपेपर्यंत व्याख्यान दिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या तीन वाकड्या प्रती त्याच खोक्यात टाकून आले.

तर अशा माणसाला एका दुपारी हिंदीतून फोन आला, की तुमचे हप्ते थकलेत.

इथे एक सांगायला हवं. कर्ज नसणं हा अण्णांचा दागिना आहे. फ्लॅट घेतला तो प्रॉव्हिडंट फंडावर आणि काकूंच्या पाटल्यांवर. उसनी साखर आणली तरी दुसऱ्या दिवशी वाटी भरून परत जाते, वर पोच मागितली जाते. आणि फोनवरचा मुलगा सांगत होता, की अण्णांनी सत्तेचाळीस हजारांचा मोबाईल हप्त्यांवर उचललाय, एका ॲपवरून साठ हजारांचं कर्ज काढलंय, पहिले दोन हप्ते वेळेवर भरलेत आणि आता ते तोंड लपवून बसलेत. अण्णा हे सगळं स्वतःच्या मुलानं टाकून दिलेल्या, काचेला तडा गेलेल्या फोनवरून ऐकत होते.

"पॅन नंबर हाच ना? जन्मतारीख हीच ना? वडिलांचं नाव हेच ना?" मुलगा एकेक वाचत गेला. अनोळखी माणसापुढे यातल्या कशालाही दुजोरा द्यायचा नसतो. पण बरोबर नोंदीला चूक म्हणणं अण्णांना नोकरीत कधी जमलं नव्हतं, ते आता कुठून जमणार? प्रत्येक प्रश्नाला ते "बरोबर" म्हणाले आणि शेवटी म्हणाले, "पण कर्ज माझं नाही." त्यावर पलीकडचा हसला. त्याला हे वाक्य रोज ऐकावं लागत असणार.

संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं आणि आम्हा सगळ्यांना एकच विनोद सुचला. निपाणी इथून फार लांब नाही. अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मधला तंबाखूवाला लखोबा लोखंडे आम्हांला शेजारगावचा वाटतो. त्या नाटकात, म्हणजे १९६२ साली, हे वाक्य आरोपीच्या तोंडी होतं. आता ते फिर्यादीच्या गळ्यात आलं होतं. जिन्यात, पार्किंगमध्ये, दूधवाल्यासमोर जो भेटेल तो अण्णांना तेच विचारत होता. अण्णा प्रत्येकाला शांतपणे म्हणायचे, "पणशीकरांचं काम मी पाहिलंय, तुमचं तितकंसं बरं होत नाही."

यानंतर नातेवाइकांचे सल्ले सुरू झाले. पुण्याच्या मेहुण्यानं सांगितलं, नंबर ब्लॉक करून टाका. इचलकरंजीचा भाचा म्हणाला, या वसुलीवाल्यांच्या नादी लागू नका, दोन-चार हजार फेकून मिटवा. हे दोन सल्ले बहुतेकांना मिळतात आणि दोन्ही वाईट. नंबर ब्लॉक केला तरी कर्ज नावावर राहतं आणि व्याज चढत राहतं. थोडे पैसे भरावेत तर कर्ज कबूल केल्याचा पुरावा आपणच तयार करून देतो. अण्णांनी दोन्हीही केलं नाही. त्यांनी कपाट उघडलं, कोरी नस्ती काढली, टॅग ओवला आणि वर लिहिलं : "विषय : माझ्या नावे अन्य इसमाने परस्पर घेतलेल्या कर्जाबाबत." काकू सांगतात, त्या रात्री बऱ्याच वर्षांनी ते ऑफिसला जायच्या आदल्या रात्रीसारखे शांत झोपले.

सकाळी त्यांनी १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठी देशभर हा एकच नंबर आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर तो पहिल्या तासा-दोन तासांतच फिरवावा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात, आणि वेळेत कळलं तर मधल्या एखाद्या खात्यात ते गोठवता येतात. अण्णांचा मामला उलटा होता.

"काका, किती रक्कम गेली?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

"एक रुपयाही नाही."

"मग काय गेलं?"

"मी गेलोय," अण्णा म्हणाले.

मुलगी समंजस होती. तिनं सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवायला सांगितलं, ती नोंदली गेली, पोच क्रमांक मिळाला. अण्णांनी तो वहीत आवक म्हणून चढवला. नुसत्या पोच क्रमांकानं एखाद्या माणसाचा रक्तदाब उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मग त्यांनी स्वतःची पत मागवली. आपल्याकडे सगळे जण 'सिबिल सिबिल' करतात, पण आपल्या कर्जांची कुंडली ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत : सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०१७ पासून या प्रत्येकीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. फुकट म्हटल्यावर अण्णांनी चारही मागवले आणि बरंच केलं, कारण एकीकडे होती ती नोंद दुसरीकडे नव्हती. सगळे जुळवून पाहिल्यावर मोबाईल निघाला, ॲपचं कर्ज निघालं, आणि तिसरी एक गंमत निघाली. त्या माणसानं अण्णांच्या नावावर मोटारसायकलसाठीही अर्ज केला होता. कर्ज मिळालेलं दिसत नव्हतं. नुसती चौकशीची नोंद होती.

अण्णांना याचंच जास्त लागलं. "चाळीस वर्षं सरकारी नोकरी, एक पैसा कुणाचा देणं नाही, आणि माझा अर्ज नामंजूर?"

"अहो, तो तुमचा नव्हता."

"नाव माझंच होतं ना?"

कधीच कर्ज न घेतलेल्याच्या पुढे सिबिल उणे एक लिहितं. बाकीच्यांना तीनशे ते नऊशेमधले गुण. अण्णा जन्मभर उणे एकच असणार. आता त्या अज्ञात गृहस्थाच्या कृपेनं त्यांच्या नावापुढे पाचशे सोळा आले होते. आयुष्यात प्रथमच पतपरीक्षेत गुण मिळाले, आणि तेही दुसऱ्यानं कॉपी करून.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, आणि लोक इथेच सोडून देतात. पत नोंदवणारी कंपनी आपण सांगितलं म्हणून नोंद खोडत नाही. ती कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते, संस्था पाहून सांगते, मग नोंद सुटते. म्हणून तक्रार दोन्हीकडे करायची, लेखी करायची आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडायची. या सगळ्याला तीस दिवसांची मुदत आहे. त्यातले एकवीस दिवस कर्ज देणाऱ्याचे. मुदत उलटली तर ज्याच्यामुळे उशीर झाला त्यानं तक्रारदाराला रोज शंभर रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये काढलेला नियम आहे. तो नियम छापून अण्णांनी नस्तीत पहिल्या पानावर लावला आणि कॅलेंडरवर एकतिसाव्या दिवसाभोवती लाल गोल केला. काकूंच्या मते लग्नाच्या वाढदिवसाला असा गोल आजवर पडलेला नाही.

पत्र लिहावं तर अण्णांनी. 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत पानभर मजकुरात एकही शिवी नाही, आणि वाचणाऱ्याला मात्र शिव्या खाल्ल्यासारखं वाटतं. "सदर कर्जदार व अधोस्वाक्षरीकार या भिन्न व्यक्ती असून त्यांचा परस्परांशी परिचय नाही." "सबब आपल्या प्रतिनिधीने अधोस्वाक्षरीकारास दूरध्वनीवरून 'भाग गया क्या' असे विचारणे उचित नव्हे." मागण्या नेमक्या होत्या : कर्जाचा अर्ज द्या, सोबत घेतलेले कागद द्या, फोटो द्या, रक्कम कुठल्या खात्यात जमा केली ते सांगा. हे मागावंच, कारण बहुतेक वेळा खोटं तिथेच उघडं पडतं. त्या संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही. अण्णांनी अर्धन्यायिक बाब म्हणून बजावलंय.

संस्था गप्प. पंधराव्या दिवशी स्मरणपत्र क्रमांक एक गेलं, बाविसाव्या दिवशी दोन. दोन्ही रजिस्टर एडीनं. गुलाबी पोचकार्ड परत आलं की अण्णा ते हुंगायचेच बाकी ठेवत. मग एका संध्याकाळी ईमेलवर अर्जाची प्रत आली. पॅन अण्णांचं. आधारही अण्णांचं, तीच जुनी झेरॉक्स, डाव्या कोपऱ्यात स्टेपलरचं भोक असलेली. हे भोक त्यांनी ओळखलं. त्यांच्या स्टेपलरची पिन जरा तिरकी बसते. पत्ता तिसऱ्याच राज्यातला. ईमेल कुणा 'कूल'चा. आणि फोटोच्या जागी एक पंचविशीचा पोरगा, केस कपाळावर ओढलेले, गालात हसणारा. अण्णांच्या डोक्यावर शेवटचा केस शरद पवार पहिल्यांदा मुख्यमंत्री असताना दिसला होता.

जन्मसाल बघा, फोटो बघा आणि कर्ज मंजूर करा, एवढंच काम ज्याच्याकडे होतं त्यानं यातलं काय बघितलं असेल? बहुधा ते काम कुठल्याच माणसाकडे नसतं, हा या धंद्याचा खरा प्रश्न आहे. काकूंनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "बरा आहे की हो दिसायला," म्हणाल्या. नस्तीतल्या कुठल्याही कागदाचं अण्णांना इतकं वाईट वाटलं नाही.

सायबर पोलीस ठाण्यात मी सोबत गेलो होतो. तिथला हवालदार मिरजेचा होता, बोलायला मोकळा. "बसा की काका. काय झालं?" अण्णांनी कलमासकट सांगितलं : माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६ क, दुसऱ्याच्या ओळखीचा अप्रामाणिक वापर, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हवालदार म्हणाला, "म्हणजे मला काय लिहावं लागंना झालंय." सगळं व्यवस्थित झालं. शेवटी तो म्हणाला, "आता तेवढी आधारची झेरॉक्स द्या."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

पण त्यांनी प्रत काढली. ही नव्या अण्णांची प्रत होती. आधारचा मास्क्ड नमुना, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. तो आधारच्या संकेतस्थळावरून कुणालाही उतरवता येतो. त्यावर दोन तिरप्या रेघा, रेघांमध्ये "केवळ सायबर पोलीस ठाणे, सांगली यांजकडील तक्रारीसाठी, अन्य वापरास अमान्य", खाली तारीख, वेळ आणि फोटोवरून जाणारी सही. पुढे पुढे ही कला इतकी वाढली, की परवा कोल्हापूरच्या एका लॉजवरच्या पोरानं ती प्रत उलटी-सुलटी करून विचारलं, "काका, यात तुमचं नाव कुठंय?"

याच काळात त्यांनी एक कात्रण मिळवलं. २७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं लोकांना बजावलं होतं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, मास्क्ड प्रत द्या. दोन दिवसांत दिल्लीनं ते पत्रक मागे घेतलं. लोकांचा गैरसमज होईल, आधार वापरताना नेहमीची सावधगिरी बाळगावी, असं सांगितलं. अण्णांनी दोन्ही बातम्या एकमेकींना पाठ लावून टाचल्यात. समासात लाल शाईनं टिपणी आहे : "नेहमीची म्हणजे किती? खुलासा व्हावा."

नवे अण्णा आम्हांला जुन्या अण्णांपेक्षा महाग पडले. संचार साथी नावाच्या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं. नियमानं नऊ चालतात. अण्णांच्या नावावर चार निघाली : एक त्यांचं, एक काकूंचं, एक मुलीचं आणि चौथं कुणाचं ते तो छत्रीवाला पोरगा जाणे. 'हा माझा नंबर नाही' असं कळवून त्यांनी ते बंद करायला लावलं आणि मग घरोघर फिरून सगळ्यांची सिमकार्डं मोजली. दुसऱ्या मजल्यावरच्या सद्गृहस्थांकडे एक जादा नंबर निघाला. तो चोराचा नव्हता, त्यांचाच होता. फक्त वहिनींना माहीत नव्हता. तो विषय अजून मिटलेला नाही.

मग आलं अंगठ्याचं कुलूप. आधार जोडलेल्या खात्यातून गावच्या बँक मित्राकडे नुसत्या अंगठ्यावर पैसे निघतात. ओटीपी लागत नाही. आणि जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवल्याचे गुन्हे देशात उघडकीला आलेत. त्यामुळे आधारमधले बोटांचे ठसे आणि बुबुळं लॉक करून ठेवावीत, हवं तेव्हा तात्पुरती उघडावीत, हे शहाणपणाचंच. अण्णांनी स्वतःचं केलं, काकूंचं केलं आणि उत्साहाच्या भरात जिना झाडणाऱ्या मावशींचंही करून टाकलं. महिन्याच्या सुरुवातीला मावशी रेशनच्या रांगेतून थेट चौथ्या मजल्यावर आल्या. "अण्णा, काय लावून ठेवलंय माझ्या अंगठ्याला? दुकानदार म्हंतोय, मावशी, तुमी तुमी न्हाईत!" अण्णांनी जागच्या जागी कुलूप काढलं, सोबत रेशन दुकानात गेले, आणि येताना मावशींची पिशवी स्वतः उचलून आणली. ज्याला रेशन, मजुरी किंवा योजनेचे पैसे दर महिन्याला अंगठ्यावर घ्यावे लागतात, त्याचं लॉक त्याला विचारल्याशिवाय लावू नये, ही नोंद आता नस्तीत आहे. ती मावशींनी सांगितली तशीच उतरवून घेतलीय, एक शब्द वगळून.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची वेळ आली. बँकेत मशीनवर अण्णांनी अंगठा ठेवला. नाही. तर्जनी ठेवली. नाही. दहाही बोटं झाली. काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, सिस्टीम तुम्हांला घेत नाहीये." लॉक आपणच लावलंय हे अण्णांना आठवलं, पण ते उघडायला फोन लागतो आणि फोन घरी होता. गर्दीत चोरतात म्हणून ते आता बँकेत फोन नेत नाहीत. मागच्या रांगेतला एक पेन्शनर म्हणाला, "अण्णा, तुम्ही इतके सुरक्षित झालात, की देवालासुद्धा सापडणार नाही." अखेर काकू पुढे झाल्या. "मी सांगते ना, आहेत हे." मुलगी हसली आणि तिनं कोषागाराच्या छापील यादीवर सही घेतली. ती सोय सुदैवानं अजून आहे.

कळस झाला तो पोलिसांच्या फोननं. तपासातला अधिकारी खराखुरा, पण अनोळखी नंबरवरून बोलत होता. "मी सायबर पोलीस ठाण्यातून बोलतोय," एवढं ऐकल्यावर अण्णा खुर्चीत ताठ झाले. "डिजिटल अरेस्ट का? कायद्यात असा प्रकारच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलंय. थांबा, विचार करा, कृती करा. मी पहिल्या दोन पायऱ्या केल्या, आता तिसरी करतो." आणि फोन ठेवला. पुन्हा आला, पुन्हा ठेवला. तिसऱ्या खेपेला अधिकारी म्हणाला, "काका, तुमचीच तक्रार आहे!" "तसं तर सगळेच म्हणतात." शेवटी तो बिचारा गणवेशात घरी आला. अण्णांनी दाराची साखळी न काढता ओळखपत्र घेतलं, त्यावरच्या फोटोशी चेहरा ताडून पाहिला, ठाण्याच्या लँडलाइनवर फोन करून खात्री केली आणि मग काकूंना म्हणाले, "चहा टाका." अधिकाऱ्याला राग आला नाही. जाताना जिन्यात मला म्हणाला, "अशी दहा माणसं प्रत्येक गल्लीत झाली तर आम्हांला झोप मिळेल."

इकडे कर्जाच्या तक्रारीला एकतिसाव्या दिवशीही अर्जाच्या त्या प्रतीपलीकडे उत्तर नव्हतं. बत्तिसाव्या दिवशी सकाळी अण्णांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेली. २०२१ पासून बँका, वित्त कंपन्या यांच्याविरुद्ध एकाच ठिकाणी दाद मागता येते, आणि संस्थेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही की ते दार उघडतं. फी लागत नाही. त्यानंतर सगळे भराभर जागे झाले. "सदर कर्ज आपण घेतलेले नसल्याचे आढळून आले असून झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," असं पत्र आलं. उशिराच्या दिवसांचे रोजचे शंभर रुपये आले. पूर्ण रकमेची पावती अण्णांनी दिली, महसुली तिकीट लावून. चारही कंपन्यांकडच्या नोंदी सुटल्या. पाचशे सोळा गेले, उणे एक परत आलं. उणे एक छापलेलं पान त्यांनी मला अशा चेहऱ्यानं दाखवलं, की मुलगा बोर्डात आला असता तरी ते इतके खूश झाले नसते.

माझं म्हणाल तर, चोरीला गेलेली ओळख परत मिळवायला हुशारी फारशी लागत नाही. अण्णांचा तरुण मुलगा हुशार आहे, कॉम्प्युटरमध्ये आहे; तो दुसऱ्या ईमेलला कंटाळला. जो माणूस तिसरं स्मरणपत्र आनंदानं लिहितो, पोस्टाची पावती जपतो, कुणाशी कधी काय बोललो ते तारखेसकट सांगतो, त्याच्यापुढे या संस्था शेवटी थकतात. कागद वाटत फिरायच्या सवयीनं अण्णांना खड्ड्यात घातलं आणि कागद जपायच्या सवयीनं वर काढलं. हे मी त्यांना एकदा बोललो. त्यांनी दोन्ही वाक्यं लिहून मागितली, सहीनिशी.

तो गालात हसणारा पोरगा अजून सापडलेला नाही. मोबाईल परराज्यात कुठल्याशा दुकानात विकला गेला, इतकंच कळलंय. नस्तीवर "तपासावर" असा शेरा आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अण्णा ठाण्यात जाऊन प्रगती विचारतात. तो मिरजेचा हवालदार त्या दिवशी मुद्दाम दोन चहा सांगून ठेवतो.

तुमचा पत अहवाल या वर्षी तुम्ही काढला नसेल तर काढा; चारही काढा. त्यात न घेतलेलं कर्ज निघालं तर १९३० वर आणि पोर्टलवर तक्रार करा, पोच घ्या, आणि नंतरची पत्रं कशी लिहायची ते कळत नसेल तर विश्रामबागला या. अण्णा सकाळी दहा ते दुपारी एक घरी असतात आणि पैसे घेत नाहीत. फक्त फोन करून येऊ नका, अनोळखी नंबर ते उचलत नाहीत. सरळ दारावर या आणि साखळी निघेपर्यंत थांबा.